एका नारळावर दोन गाड्या

"हॅलो?… हॅलो, टेंभूरघाट नाका?… कोण बोलून राह्यलं?… गुणाबाई? अवं गुणाबाई, मी लटारू. लटारू मिस्त्री, चांद्याहून… हो, हो, बरा आहो… कलाबाई बी बरी आहे… म्हैस? म्हैस बी बरी आहे, अवं आईक ना! नाकेदार कोठी आहे?… साहेबासंगं जंगलात? आता आलं का मरण!… नाई, तुले नाई म्हटलं. मंग नाक्यावर कोण आहे?… तूच?… बरं. बरं झालं."

बरं कसलं डोंबलाचं! नाकेदार जाग्यावर नाही, त्याची बायको फोनवर, आणि ती पडली लटारूच्याच गावची लेक. फोन हातात आला की गावातल्या गुराढोरांपासून चौकशी सुरू करणारी. इकडे लाकडाच्या वखारीत दादाजी मुनिमाच्या टेबलाशी लटारू उभा होता. एका हातात फोन, दुसऱ्या मुठीत बोटभर लांबीची लोखंडी पिन. मूठ अशी आवळलेली की नखं तळहातात रुतली होती.

"आईक. पोचू ड्रायवरची गाडी गेली काय तिथून?… वखारीची, हिरवी, लढाईतली… नाई गेली? नक्की नाई गेली?… देवा रे! मंग बांबू आडवा टाक. आत्ताच्या आत्ता… नाई नाई, पास गीस काई पाह्यचा नाई, गाडीच सोडायची नाई… काऊन म्हणजे? तिच्या इस्टेरिंगची पिन माह्या हातात आहे ना बाई! गाडीत पाह्यजे थे इथी चांद्यात आहे!… कसं सांगू तुले… बंडीच्या चाकाले खीळ असते ना, चाक निसटू नये म्हणून? तशीच समज. ढिबरी, नट म्हणतेत थे, फिरू नये म्हणून तिच्यात टाकतेत. नसली का ढिबरी हळूहळू सुटते. मंग ड्रायवर हातातलं चाक फिरवते, आणि गाडी काई वळत नाई… हो. तसंच… अवं, तिच्यात चंदा आहे! माही चंदा! मीच बसवली सकाळी क्याबिनमधी… धाव बाई. फोन आपटू नको, नुसता बाजूले ठेव. धाव!"

तिकडे फोन टेबलावर ठेवल्याचा आवाज आला आणि मग नुसती तारेची घरघर. त्या घरघरीला कान लावून लटारू उभा राहिला. दुसरं करणार तरी काय होता तो?

चूक कुणाची म्हणाल तर लटारूचीच, पण त्याच्या एकट्याची नाही. वखारीच्या दोन गाड्या, लढाईनंतर लिलावात घेतलेल्या, आणि दोन्हींचं स्टेअरिंग म्हातारं झालेलं. हातातलं चाक चार बोटं फिरवावं तेव्हा कुठे खालची चाकं मनावर घ्यायची. मग लटारू स्वतः नागपूरला गेला आणि भंगाराच्या ढिगातून स्टेअरिंगचे दोन डबे निवडून आणले. त्याची निवडायची रीत अशी, की डब्याचा दांडा हाताने फिरवायचा, डोळे मिटायचे, आणि आतला दात कुठे अडखळतो ते मनगटाला कळू द्यायचं. दुकानदार कावला, पण लटारूने ढीग उपसला आणि मनासारखे दोन डबे घेऊनच उठला. डबे चांगलेच होते. त्या बिचाऱ्यांचं काही चुकलं नाही.

चुकलं ते नारळाचं. लटारूच्या गॅरेजात एक नियम होता आणि त्या नियमाचा त्याला ताठाही होता. काम पुरं झाल्याशिवाय नारळ फोडायचा नाही, आणि नारळ फुटला की गाडीची पहिली खेप होईस्तोवर त्या कामाला पाना लावायचा नाही. लावला तर अपशकून. ड्रायव्हर लोक गाडी तपासून घ्यायच्या भानगडीत पडतच नसत; नारळ फुटला का, एवढंच विचारत आणि चाकावर बसत. डबे बसवले त्या दिवशी दुपारून अमावास्या लागणार होती. दादाजी मुनिमाने 'लागायच्या आत उरक बाप्पा' म्हणून घाई केली आणि दोन गाड्यांच्या मधे उभं राहून दोन्हींचा मिळून एकच नारळ फोडला. हाक ऐकून लटारू गाडीखालून बाहेर आला. एक पिन बसली होती, दुसरी मुठीत होती. प्रसादाला ओंजळ पुढे केली, प्रसाद रुमालात बांधला, त्याच्यासोबत पिनही बांधली गेली. मग जेवणं झाली, गप्पा झाल्या. अमावास्या सरली, आज सकाळी दोन्ही गाड्या, एक पोचूची आणि दुसरी म्हाताऱ्या वारलूची, जंगलाकडे निघाल्या, आणि आता दुपारी त्याच्या बायकोने, कलाबाईने, धुवायला म्हणून त्या रुमालाची गाठ सोडली.

आपण शेवटी पोचूच्या गाडीखाली होतो, हे लटारूच्या डोक्यात पक्कं बसलेलं. आणि माहेरपण संपवून सासरी निघालेल्या पोरीला त्याने पोचूच्याच गाडीत बसवलं होतं. ती म्हणत होती, 'बाबा, मांगं बसतो ना, हवा लागते.' हाच म्हणाला, नाही, क्याबिनमधे बस, तिथं धोका नाही.

"हॅलो! हो, बोल, बोल… टाकला बांबू?… आली?… थांबली? थांबली म्हणतेस?… अवं मंग ओरडू दे ना त्याले! शिव्या देऊन राह्यला तं देऊ दे. सगळ्यायले खाली उतरव. पहिले चंदाले. तिले तुह्या ओसरीत बसव, पाणी दे, घाबरवू नको… आणि पोचूले फोनवर बलाव. बलाव लवकर."

"पोचू?… हो, मीच सांगतलं बांबू टाकाले… आईक तं खरी माही गोष्ट… अरे भाऊ, आईक! गाडी चालते कशी?… लोण्यावानी? एका अंगाले ओढत नाई?… चाकाले खेळ?… काईच नाई?… अरे, थे सरळ रस्त्यावर कळतच नाई. ढिबरी सुटेपर्यंत गाडी गाईवानी चालते. मी काय म्हणतो, खाली जाऊन पाह्य… हो, लागला तं पाना बी लावायचा… अरे माहीत आहे मले नारळ फुटला थो! मीच होतो ना तिथी… हो, मीच म्हणतो नेहमी… हो रे बाप्पा, मांगं त्या ड्रायवरले मीच हाकललं होतं, नारळ फुटल्यावर पाना लावला म्हणून… हो… नाई, पेलो नाई मी. दुपारी पेतो काय मी कधी?… पोचू, आईक. थो नारळ खोटा होता."

हे बोलताना लटारूचा आवाज असा खाली गेला, की दादाजी मुनीम उगाचच दौतीचं झाकण लावायला लागला. चांद्यापासून सिरोंच्यापर्यंत ड्रायव्हर लोक ज्या नारळावर डोळे मिटून विश्वास ठेवत, तो लटारूने आपल्या तोंडाने खोटा पाडला होता.

"हो, खोटा. काम अर्धं होतं. पिन माह्या मुठीत होती आणि मी प्रसाद खाऊन राह्यलो होतो. पाप लागन तं मले लागन, तुले नाई… हां. आता जाय. चाकायले दोन्हीकून दगड लाव. एका जणाले वर बसव, हातातलं चाक हळूहळू इकडून तिकडं फिरवू दे. तू खाली पाह्य. डब्यातून जो दांडा लटकते ना, त्याच्या टोकाले ढिबरी आहे, खाचावाली. त्या खाचेत पिन नसन. ढिबरी किती सुटली थे पाह्य, आवळ, आणि तार दुहेरी करून खाचेतून काढ, पीळ दे चांगला… हो. सावकाश, पण जाय."

पुन्हा घरघर. लटारूच्या मानेवरून घाम उतरत होता. दादाजीने पाण्याचा पेला पुढे केला, त्याने तो घेतला आणि न पिताच टेबलावर ठेवला.

"कोण?… एक्सचेंज? हो, चालू आहे ना, बोलून राह्यलो… येळ सरला?… वाढवा भाऊ, वाढवा. कापू नका, पाया पडतो तुमच्या. पोट्टी आहे माही तिथी… हो… हॅलो? पोचू! बोल!… काय?… पुन्हा सांग… आहे? पिन आहे?… दोन्ही टोकं वाकवलेली?… हालवून पाह्यली?… ढिबरी?… जागची हलत नाई? अरे, खाऊन घे ना माही शपथ!"

लटारू मटकन मुनिमाच्या खुर्चीत बसला. त्या खुर्चीत मिस्त्री लोक बसत नसत, पण दादाजीने त्याला बसू दिलं. लटारू हसत होता की रडत होता, त्याचं त्यालाच कळत नव्हतं. जीव कसा भांड्यात पडला होता!

"दे, शिव्या दे. जेवढ्या देशीन तेवढ्या दे, मी आयकतो!… चाय पाजीन तुले, कोंबडा कापीन… बरं, चंदाले दे फोन. कधी फोन आयकला नाई तिनं, दे एकडाव… काय?… ओसरीत नाई?… मंग आहे कोठी?… फाट्यावर? फाट्यावर काऊन उतरली?… कोणाच्या गाडीत?"

दादाजीने मान वर केली.

"वारलूच्या… काऊन उतरू देल्ली तू तिले?… नणंद होती त्या गाडीत. हो… हो, लेकरू घेऊन एकटीच… हो, थे गाडी तिच्या सासरच्या, येरमाटोल्याच्या अंगावरूनच जाते, पायी चालाचं वाचते… काय म्हणे?… तू 'बाबाले इचारलं काय' म्हणाला, मंग थे काय म्हणे?… 'दोन्ही माह्या बाबाच्याच हातच्या. नारळ बी एकच.' असं म्हणे?"

मूठ आपोआप उघडली. घामाने ओली झालेली पिन तळहातावर पडून होती. आणि आत्ता, या क्षणाला लटारूला आठवलं: पोचूची पिन बसवून तो सरपटत शेजारच्या गाडीखाली गेला होता. ढिबरी नुसती बोटांनी फिरवली होती. तेवढ्यात हाक आली.

"पोचू… ही पिन वारलूच्या गाडीची आहे… हो. हो रे. त्याच्याच गाडीची… तिकडं फोन?… कोठीच नाई? चौकीवर बी नाई?… मंग फिरव गाडी! तुही गाडी पक्की आहे, मार जेवढी मारता येईन तेवढी. नाल्याच्या उताराआधी गाठ त्याले. थे वळण… माहीत आहे ना तुले थे वळण? हारन वाजवत जाय नुसता. जाय!"

"गुणाबाई? हो, आहो मी, आहो… निघाला? हो, आवाज येऊन राह्यला मले… वारलू हळूच चालवते ना? म्हातारा माणूस आहे थो, हळूच चालवते. गाडीत बाया असल्या का अजूनच हळू… नाला किती दूर पडते फाट्यापासून?… नको, नको सांगू. माहीत आहे मले… नाई, रागावलो नाई तुह्यावर. तुह्यावर काऊन रागवीन?… मीच बोललो ना तिले क्याबिनमधी बस म्हणून. हट्ट धरला मी. पोट्टीनं आयकलं माहं. तिथी बी क्याबिनमधीच बसली असन."

बाहेर वखारीत मजूर ओंडके रचत होते, त्यांच्या आरोळ्या आत येत होत्या. दादाजीने उठून दार लोटून घेतलं. देवाचं नाव घ्यावं असं लटारूच्या मनात आलं आणि कोणत्या तोंडाने घ्यावं ते सुचेना.

"काय झालं?… कोण येऊन राह्यलं?… पळत?… लच्छू? येरमाटोल्याचा लच्छू?… अवं, थो तं मांगं बसला होता, वारलूच्या गाडीत! सकाळी मीच हात देऊन चढवला त्याले… पोचू भेटला नाई त्याले?… पायवाटेनं आला, जंगलातून. हो, फोन तिथीच आहे ना, इकडंच येईन… मंग? काय म्हणते?… बाई?… गुणाबाई, काऊन बोलत नाई?… रडू नको. अवं रडू नको, आधी आईक. त्याले एक इचार. वारलूनं चाक फिरवलं होतं काय, इचार… फिरवलं?… पुरं फिरवलं… आणि गाडी सरळच गेली… हो… सरळच जाईन ना बाई. सरळच जाईन थे… आता दुसरं इचार. क्याबिनमधी जे होते… थे क्याबिनमधले…"

खट् असा आवाज झाला आणि तारेची घरघरसुद्धा थांबली.

"हॅलो?… हॅलो, गुणाबाई?… एक्सचेंज? भाऊ, टेंभूरघाट कापला हो, जोडा पुन्हा… लाइन गेली? कशी गेली? आत्ता तं होती!… हॅलो?"

दादाजी मुनिमाने फोन घ्यायला हात पुढे केला. लटारूने तो दिला नाही.

"हॅलो?… अवं, क्याबिनमधलं तेवढं सांग ना बाई… हॅलो?"