केविनचे टायर आणि मामाचा मान

नाही, पण मला सांगा, चांगली चालणारी गाडी लग्नाच्या आठ दिवस आधी कोणी बिघडवून घेतं का? तेही हौसेनं? गाडी म्हणजे आमची पांढरी पिकअप हो! रोज केळी आणि मोगरा घेऊन बाजारात जाणारी, गरीब, शहाणी, हॉर्नसुद्धा माफी मागितल्यासारखा वाजवणारी... तिला माझ्या भावाने, म्हणजे नवरदेव केविनने, डोंगरावर चढायचे टायर बसवले. हे एवढाले! अंगभर काटे! आमच्या नंदाखालात डोंगर कुठाय? सगळ्यात उंच काय असेल तर चर्चचा मनोरा, त्यावर न्यायची आहे का गाडी? तर म्हणतो, "मर्लिन, तुला नाही कळायचं. तू फक्त लूक बघ, लूक!"

तुम्हाला सांगते, मी मुळातच घाबरट. कुकर मीच लावलेला असतो, शिट्टी होणार हे मला माहीत असतं, तरी शिट्टी झाली की मी उडते. अशा माणसाला फुलपाड्याच्या टायरवाल्याकडे न्यावं का? पण केविनने नेलं, कारण येताना मागे ठेवलेल्या जुन्या टायरांवर कोणीतरी लक्ष ठेवायला हवं होतं. तिथे तो सिद्धेश, टायरवाला, वय माझ्याएवढंच, कानात पेन, एक एक टायर असा बडवून बसवत होता, धाड! धाड! आणि प्रत्येक धाडला मी खुर्चीतून वीतभर वर. शेवटी तोच म्हणाला, "ताई, तुम्ही बाहेर उसाचा रस घ्या ना. तुम्हाला बघून माझा हात थरथरतोय."

टायर बसले. गाडी एकदम अशी वर गेली, जणू चवड्यांवर उभी राहून शेजाऱ्यांच्या कंपाउंडमध्ये डोकावतेय. केविन खूश, सिद्धेश खूश, मोबाईलवर फोटो. मग केविनने स्टिअरिंग डावीकडे पूर्ण फिरवलं, छान फिरलं. उजवीकडे फिरवलं आणि... खर्रर्र, खट्! अडकलं. का? तर डावीकडचा मडगार्ड मागच्या वर्षी गॉडफ्रेकाकांच्या भिंतीला ठोकून आत चेपलेला, आणि उजवीकडे वळताना हा नवा जाडजूड टायर बरोब्बर त्या चेपलेल्या पत्र्यात घुसतो! म्हणजे थोडंफार उजवीकडे जाईल, पण गल्लीत वळायचं असेल तर नाही. मी म्हटलं, "अहो, गाडी उजवीकडे वळत नाहीये!" तर सिद्धेश काय म्हणाला असेल? "टेन्शन नाय घ्यायचं ताई, टायर आपली जागा करून घेतो." टायर जागा करून घेतो? तो काय भाडेकरू आहे? आणि केविन तर उतरून चार पावलं मागे जाऊन उभा. "लूक बघ, लूक!"

आता तुम्ही म्हणाल, एवढं काय, लग्न झाल्यावर पत्रा ठोकून घ्या. पण इथेच तर सगळं आलं ना! आमच्या घरची पद्धत अशी, की लग्नाच्या आदल्या दिवशी मामाला मानानं आणायचं. नवरदेवाने स्वतः जायचं, बहिणीने ताट घेऊन शेजारी बसायचं, मागून बँड, आणि गाडी घरचीच हवी, भाड्याची चालत नाही. दारात गाडी लागली पाहिजे. आणि सगळ्यात महत्त्वाचं, मामाला आणायला निघालेली गाडी रिकामी माघारी फिरवायची नाही. रिव्हर्ससुद्धा घ्यायचा नाही! का? कोणाला माहीत नाही. मला वाटतं, पणजोबांच्या वेळी बैलगाडी होती, बैलांना रिव्हर्स येत नाही, म्हणून नियम पडला असेल.

आणि आमचा मामा म्हणजे रॉबर्टमामा! तीन वर्षं तो आणि मम्मी बोलत नव्हते. तीन वर्षं! का, तर एका नाताळात मम्मीने त्याच्या घरच्या वाईनचा घोट घेतला आणि सगळ्यांसमोर म्हणाली, "रॉबर्ट, ही लोणच्यात घालू का?" झालं! तेव्हापासून मामा चर्चमध्ये डाव्या रांगेत, मम्मी उजव्या रांगेत. मधे फादर. मम्मी वरून म्हणायची, "नाही आला तर नाही आला!" आणि स्वयंपाकघरात जाऊन डोळे पुसायची, ते मी दोनदा बघितलंय. शेवटी पप्पा जाऊन आले, तेव्हा मामा म्हणाला, "पद्धतीप्रमाणे गाडी दारात आली तर येईन. नाही आली, तर मी काय समजायचं ते समजेन." म्हणजे बघा, सगळ्या कुटुंबाचा जीव त्या गाडीत. आणि मामाचं घर कुठे? रस्त्यावरच्या क्रुसापाशी, उजवीकडच्या गल्लीत!

मी केविनला म्हटलं, "जुने टायर लाव ना रे परत, एका दिवसापुरते!" तर म्हणाला, जुने परत नेऊन सिद्धेशला देऊन टाकले, आणि पत्रा ठोकणारा लग्नाच्या आधी गाडी घ्यायला तयार नाही. मी म्हटलं, "मग कसं करणार?" तर माझ्याकडे असं बघितलं, जणू मी त्याच्या लग्नात खोडा घालायलाच जन्मले. "मर्लिन, तू मॅथ्स घेऊन बी.एस्सी. झालीस ना? तीन वेळा डावीकडे वळलं की काय होतं? उजवीकडे!" आता हे कागदावर खरंय हो! पण नंदाखालच्या गल्ल्या कागदावर आखल्यात का? त्या केळीच्या कडेकडेनं, विहिरीला वळसा घालून, कोणाच्या तरी आजोबांच्या मर्जीनं झाल्यात!

झालं, लग्नाच्या आदल्या दिवशी चार वाजता निघालो. मी ताट घेऊन वर चढले, म्हणजे चढवलं मला. ताटात नारळ, सोनचाफा, मेणबत्ती. मागे जेम्स मास्तरांचा बँड, आठ माणसं, पायी. मांडवात मम्मी नव्या साडीत उभी, चेहरा असा की मला काहीच पडलेलं नाही. आणि ते टायर डांबरावर असे घोंगावत होते, घूंऽऽऽ, की मला वाटलं मागून विमान येतंय. मी दोनदा खाली वाकले. क्रूस आला. मामाची गल्ली आली. गल्लीच्या तोंडाशी मामी उभी, हात हलवतेय... आणि आम्ही सरळ पुढे! बँड वाजवत! मी खिडकीतून ओरडले, "मामी, येतोच गं, तीन वळणं घेऊन!" तिला काय ऐकू जातंय? मागे ट्रम्पेट!

डावीकडे वळलो. परत डावीकडे. एका वाडीच्या कडेने, केळीची पानं खिडकीतून आत, एक पान माझ्या तोंडावर फाडकन्, मी किंचाळले, नारळ पायाखाली. परत डावीकडे. आणि बाहेर कुठे निघालो? क्रुसासमोर? नाही हो! आमच्याच घराच्या मागच्या बाजूला! म्हणजे मुख्य रस्त्यावर यायला चौथ्यांदा डावीकडे, आणि समोर काय, आमचाच मांडव. तुम्ही डोळ्यासमोर आणा! मम्मी ओवाळायचं सामान घेऊन पुढे झालेली, सगळ्या बायका गाण्याच्या तयारीत, आणि गाडीत मी, केविन, आणि एक नारळ. मम्मीचा चेहरा असा खर्रकन उतरला... "आला नाही?" एवढंच म्हणाली. केविनने खिडकीतून मान काढली, "आलो, आलो, अजून एक राउंड!" आणि गेलो पुढे. थांबायचं नाही ना! मी म्हटलं, "केविन, गाडी क्रुसापाशी लाव, मी चालत जाते, पाया पडते." तर म्हणाला, "दारात गाडी नाही लागली तर तो येईल का?" मी नारळ उचलून परत ताटात ठेवला. म्हणजे त्याच्या मूर्खपणातही कुठेतरी एक बरोबर वाक्य असतं, हाच तर त्रास आहे!

दुसऱ्यांदा क्रूस आला, दुसऱ्यांदा गेला. या वेळी गल्लीच्या तोंडाशी मामा स्वतः उभा होता. काळा सूट, खिशात गुलाब, गुडघ्याला पट्टा. बँड त्याच्या समोरून वाजत गेला. मामा बघत राहिला. त्या तोंडाकडे मला बघवेना, हो. जेम्स मास्तर मागून धापा टाकत ओरडले, "अरे केविन, कुठे लग्न आहे नक्की? आमची पोरं दमली!" अर्ध्या माणसांनी वाजवणं सोडलेलं, फक्त ड्रम चाललेला, ढम... ढम... जणू कोणाला पोचवायला चाललोय. आणि हा केविन, कपाळावर घाम, तरी दुकानाच्या काचेत गाडी दिसली की मान वळवून बघतोय. लूक!

तिसऱ्या फेरीला मामा रस्त्याच्या मधोमध उभा! दोन्ही हात पसरून! केविनने ब्रेक मारला, ते टायर असे घसरले, असे घसरले, मी डोळे मिटून "नमो मारिये" सुरूच केलं. उघडले तर मामा बॉनेटपासून हातभर लांब.

"काय रे केविन!" मामा म्हणाला. "इनेझने पाठवलं का? रॉबर्टच्या समोरून तीनदा बँड न्या आणि त्याला नेऊ नका? एवढा राग धरला माझ्या बहिणीने?"

केविनची बोबडी वळली. नवरदेव! लूकवाला! एक अक्षर नाही! मग बोललं कोण? मी! कुकरला घाबरणारी मी! मी खिडकीतून अर्धी बाहेर आले आणि म्हटलं, "मामा, नाही रे! गाडी उजवीकडे वळतच नाही! याने टायर मोठे घातलेत, ते पत्र्याला घासतात! आणि मम्मी मांडवात ताट घेऊन उभी आहे, आम्ही दोनदा तिच्यासमोरून रिकामे गेलो, ती रडायला आलीय!"

मामाने गाडीकडे बघितलं. टायरकडे बघितलं. वाकून पत्र्याकडे बघितलं. मग म्हणाला, "म्हणजे हे गाढव तीन फेऱ्या डावीकडेच फिरतंय?"

"हो."

"आणि मी सूट घालून उन्हात उभा?"

"हो मामा."

"इनेझ खरंच रडायला आली?"

"हो."

मामाने खिशातला गुलाब सरळ केला. मग म्हणाला, "दारात गाडी यायला हवी. मी दारातून इथपर्यंत आलो, म्हणजे दार इथे आलं असं समजा. चढवा मला!"

आता तो चढणार कसा? पायरी त्याच्या छातीला. "मी काय माडावर चढतोय का रे?" मग बँडवाल्यांनी शेजारच्या वाडीतून केळीचे क्रेट आणून रचले, एकाने मागून ढकललं, ड्रमवाल्याने हात धरला, आणि मामा वर! बसला, श्वास घेतला, बाहेर बघितलं, आणि चेहराच बदलला. "अरे! गॉडफ्रेच्या भिंतीपलीकडे विहीर आहे होय? चाळीस वर्षं तो पाणी नाही म्हणून सांगतोय!"

मांडवात पोचलो. मम्मी पुढे आली. मामा वर, ती खाली. मामा म्हणाला, "इनेझ, मला उतरता येत नाही. गुडघा. तूच वर ये." मम्मी, नवी साडी, पाचशे माणसांसमोर, बँडवाल्यांनी सोबत आणलेल्या क्रेटवर पाय देऊन चढली. केविनला आणि मला खाली उतरवलं. दोघं आत, काचा बंद. बाहेर पप्पांनी रोझरीची प्रार्थना सुरू केली, संपलीसुद्धा, दोघं आतच. काय बोलले, देवाला माहीत. मला काचेतून मामाचा रुमाल दिसला, मग मम्मीच्या हातात तोच रुमाल.

तर मिटलं हो सगळं. देवाची कृपा. आता रोज पहाटे साडेपाचला मामाचा फोन येतो. स्पीकरवर! तीन वर्षांचं साठलेलं आहे ना. काल केळफुलाच्या भाजीत वाल घालायचे की चणे, यावर सव्वा तास भांडले. रिंग वाजली की मी दचकून पलंगावरून खाली. शेवटी आज मी धीर करून म्हटलं, "अगं, जरा हळू बोला ना, लोक झोपलेत." तर इकडून मम्मी आणि तिकडून मामा, दोघं एका आवाजात, "तू मध्ये पडू नकोस, हे आमचं बहीण-भावाचं आहे!"

बरं. नाही पडत. मी चहा टाकते.