माझ्या गटात कोणीच नव्हतं

माझा जन्म नांदगावचा. वडील मार्केटात हमाल, कांद्याच्या गोण्या पाठीवर, आन् आई घरीच, शिवण करायची थोडंफार. आमच्या घरात वजन म्हणजे काय वाईट गोष्ट नव्हती बगा, मी झाले तेव्हा दवाखान्यातली मावशी म्हणली म्हणे, ही पोरगी नाय, पायलीभर बाजरी हाय, आन् वडील लय खूश, हमालाच्या घरी शोभती म्हणले. शाळेत मात्र पोरी मला रणगाडा म्हणायच्या, खेळात घेतलं तरी कोपऱ्यात उभी करायच्या, मी रडत घरी यायची, आन् आई म्हणायची, रड, पण आधी जेव.

देवरे सर आमचे खेळाचे सर, त्यांनी मला आठवीत ज्युदोत घेतलं. मॅट कुठल्या, भुशाच्या गाद्या आन् त्यावर ताडपत्री ओढलेली. तिथं रोहिणी माझी जोडीदारीण, सत्तर किलोच्या आतली, चपळ, मी तिला उचलायची आन् ती मला पाडायची, दिवसातून पन्नास वेळा, आन् दोघी हसत उठायचो. ते दिवस चांगले व्हते. ते सोडलं तर चांगलं असं काय सांगू ताई तुम्हाला.

आता हे नीट ऐका. ज्युदोत पोरींचे वजनाचे गट असतात, आन् सगळ्यात वरचा म्हणजे अठ्ठ्याहत्तर किलोच्या वर, मंग एकोणऐंशी असो नाय तर दीडशे. खालच्या गटांत पोरीच पोरी, वजन घेतात त्याच्या आधी दोन दिवस उपाशी राहणार, पाणी बंद, स्वेटर घालून उन्हात पळणार. वरच्या गटात कोणी नाय. कोणाची आई म्हणंल का पोरीला, ऐंशीची हो, लग्नाचं बगू नंतर. मी तेव्हा पंच्याहत्तरची व्हते. सर म्हणले, कविता, तू चार-पाच किलो चढ, वर मैदान मोकळं हाय, जिल्ह्याला सोनं मिळंल. आन् मी चढले. आई भाकरीवर तुपाचा गोळा ठेवायची, वडील येताना केळी आणायचे, सगळ्या पोरी उतरायच्या आन् मी चढायची, आन् पहिल्यांदा कोणीतरी मला खा म्हणत व्हतं आन् खाल्ल्यावर हसत नव्हतं. लय बरं वाटायचं, खोटं कशाला बोलू.

तीन वर्षं जिल्ह्याला सोनं मिळालं, लढत एक नाय. नाव पुकारायचे, मी मॅटवर जायची, समोर कोणीच नाय, तरी वाकून नमस्कार करायचा असतो, त्या रिकाम्या जागेला करायची, पंच माझ्या बाजूला हात करायचे की उतरायची खाली. वडिलांनी मेडलं खिळ्याला टांगली, येईल त्याला दाखवायचे, कोणाकोणाला पाडलं विचारलं की म्हणायचे, सगळ्यांना.

मंग राज्याची स्पर्धा आली. त्या वर्षी कळलं की माझ्या गटात अजून एक पोरगी हाय, सांगलीकडची, आन् मला तर कोणाशी लढायची सवयच नव्हती, रोहिणी सोडून. वजनाच्या खोलीत नुसत्या पोरी आन् वजन घेणाऱ्या बाई, सरांना आत येऊ देत नाय. ती पोरगी काट्यावर चढली आन् भरलं काय, अठ्ठ्याहत्तरला दोनशे ग्रॅम कमी. बाई म्हणल्या, अर्धा तास हाय, परत चढ, नाय भरलं तर बाद, आन् बाहेर जायचं नाय. दोनशे ग्रॅम म्हणजे काय ताई, एक पेला पाणी. पण त्या खोलीत पाणी कोणाकडं असणार, बाकीच्या सगळ्या दोन दिवसांच्या तहानलेल्या, नळ कोरडा. पाणी माझ्याच बॅगेत. दोन लिटरची बाटली, भरलेली, माझं वजन कमी पडायला नको म्हणून आणलेली. ती सरळ माझ्याकडं आली, माझ्यासारखीच दिसत व्हती, गोल तोंडाची, म्हणली, ताई, घोटभर पाणी असंल तर द्या ना.

मी म्हणले, संपलं गं.

आन् पायानं बॅग बाकाखाली सारली. सरांनी सांगितलं नव्हतं, कोणीच सांगितलं नव्हतं, माझं मीच केलं. अर्ध्या तासानं ती परत चढली, परत तेवढंच, बाईंनी तिच्या नावावर काट मारली. ती भिंतीकडं तोंड करून रडली आन् मी राज्याचं सोनं घेतलं, रिकाम्या जागेला नमस्कार करून.

त्या सोन्यावर मी नॅशनलला गेले. समोर पंजाबची पोरगी, माझी आयुष्यातली पहिली खरी लढत, आन् मला कळलंच नाय, जमीन वर आली, ती पोरगी सगळीच माझ्या गुडघ्यावर पडली, टक् असा आवाज झाला. तेवढी माझी कारकीर्द, ताई. ऑपरेशन झालं, गुडघा काय पहिल्यासारखा झाला नाय.

तरी वाटलं, खेळाडूंच्या कोट्यात सरकारी नोकरी लागंल, टेबलावरची असली तरी चालंल, सोनं हाय आपल्याकडं. कागद घेऊन गेले. तिथले साहेब वाईट नव्हते, दोनदा वाचलं त्यांनी, म्हणले, बाई, या गटात तुम्ही एकट्याच, लढतच झालेली नाय, हे चालत नाय. मी म्हणले, साहेब, सोनं हाय ते. ते म्हणले, हरवलं कोणाला तेवढं नाव दाखवा, एक नाव पाहिजे, गटात दोघी लढल्या असत्या तरी चाललं असतं. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात, माझी त्या टेबलावर उघडली. रोहिणीचं त्याच स्पर्धेतलं कांस्य चाललं, कारण ती दोघींना पाडून आन् एकीकडून हरून आली व्हती. ती आता पोलिसात हाय. दिवाळीला येती, माझ्या आईच्या पाया पडती.

दैव देतं आन् कर्म नेतं. मी त्या सांगलीच्या पोरीकडून हरले असते तरी रौप्य असतं माझं, आन् ते खरं असतं. एक पेला पाणी, ताई.

आता मी नाशकात राहते, सिडकोत खोली हाय, दिंडोरीकडं द्राक्षाच्या पॅकहाऊसला कामाला जाते. उभं राहवत नाय म्हणून काट्यावर बसवलंय, डबे तोलायचे, कमी भरला की द्राक्षाचा एक मणी टाकायचा, जास्त भरला की काढायचा. माझं स्वतःचं वजन एकशे आठ. सुट्टीला घरी गेले की आई, जिनं मला तूप घालून चढवलं, तीच ताटातली भाकरी काढून घेती, म्हणती, आता बास, कोण करणार तुला. वडिलांची पाठ गेली, पडून असतात, अजून कोणी आलं की खिळ्याकडं बोट दाखवतात. त्यांना मी बाटलीचं सांगितलेलं नाय. तुम्हालाच पहिल्यांदा सांगते.

मागल्या महिन्यात रोहिणीनं मला बळंच ज्युदोच्या हॉलवर नेलं. पेठकडची एक पोरगी आली व्हती, पंधरा वर्षांची, दांडगी, तिची आई बरोबर. नवे सर तिला म्हणत व्हते, तू वर चढ, वर कोणी नाय. रोहिणीनं ओळख करून दिली, ही राज्याची सोनेरी पोरगी, आन् ती माझ्या पाया पडली, म्हणली, ताई, आशीर्वाद द्या, सोनं मिळू दे. मी तिच्या डोक्यावर हात ठेवला आन् मनापासून म्हणले, तुझ्या गटात लय पोरी येऊ देत, तुझ्यापेक्षा जड, आन् त्या तुला पाडू देत. तिचं तोंड एवढंसं झालं. तिच्या आईनं माझा हात तिच्या डोक्यावरून उचलून बाजूला केला, आन् पोरीला घेऊन पार त्या टोकाला जाऊन बसली.