डाव्या बाजूची दोन चाके

मी, हाताकेयामा चिगुसा, वय ३६ वर्षे, धंदा वृद्धाश्रमाच्या स्वयंपाकघरात नोकरी, राहणार आकिता जिल्ह्यातील कामिनाए वाडी, मूळ गाव दक्षिणेस कागोशिमाकडील समुद्रकाठचे मकुराझाकी, हल्ली रुग्णालयात दाखल, पोलीस अंमलदारांनी तेथे समक्ष येऊन विचारल्यावरून सांगते की, मी वरील वाडीत माझे पती मोरिहिको, वय ४७, व सासू तेत्सु, वय ७४, यांच्यासोबत राहते. पतीचा लाकूड कापण्याचा कारखाना घरालगत आहे. आमच्या लग्नाला तीन वर्षे झाली. आम्हाला मूलबाळ नाही.

मी पूर्वी बसने कामाला जात असे. मागील उन्हाळ्यात ती बस बंद झाली. म्हणून पतीने आपल्या ओळखीच्या माणसाकडून एक जुनी छोटी गाडी माझ्यासाठी आणली. कामावर जायला घाट उतरावा लागतो. माझ्या माहेरी बर्फ पडत नाही, त्यामुळे बर्फात गाडी चालवण्याची मला सवय नव्हती. हे घरात सर्वांना माहीत होते.

आमच्या भागात नोव्हेंबरात उन्हाळी टायर काढून हिवाळी टायर घालतात. प्रत्येक घरी दोन्ही जातींची चाके रिमसकट ठेवलेली असतात. माझ्या गाडीसोबत हिवाळी चाके आली नव्हती. ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावर चिठ्ठी असते, तिच्यावर टायरचे माप लिहिलेले असते, असे मला आश्रमातील बायकांनी सांगितले. ते १५५/६५ आर १४ असे होते. सासूबाईंनी गाडी चालवणे सोडले असून त्यांची गाडी विकली आहे. परंतु तिची हिवाळी चाके कारखान्याच्या शेडमध्ये झाकून ठेवलेली होती. मी त्यांवरील आकडे पाहिले. माप तेच होते. रबर बोटाने दाबले तर दबत होते.

त्या संध्याकाळी जेवताना मी पतीला म्हणाले, "अहो, आईंची चाकं माझ्या गाडीला बसतात. माप मी बघून आले."

पती म्हणाले, "बघून आलीस? समुद्राकाठची बाई आता आम्हाला बर्फ शिकवणार."

सासूबाईंनी मुळ्याचे लोणचे माझ्यापुढून उचलून स्वतःपुढे ठेवले व म्हणाल्या, "गाडीचं माप काढतेस होय? तुझं माप आम्ही लग्नाच्या दिवशीच काढलंय."

दोघे हसले. मीही हसले.

पती म्हणाले, "आईची चाकं आईची. तुला दुसरी घालतो. एकदोनदा घसरलीस की हात बसेल. इथं सगळे तसेच शिकलेत."

दुसऱ्या दिवशी त्यांनी शेडच्या मागून चार चाके काढून माझ्या गाडीला घातली. ती त्यांच्या पहिल्या पत्नीच्या गाडीची होती. त्या बाई घर सोडून गेल्याला बरीच वर्षे झाली. त्यांना मी पाहिलेले नाही. चाके बसवून झाल्यावर पतीने एका टायरला लाथ मारली व म्हणाले, "बघ, माप बरोबर. आता तक्रार नको."

नोव्हेंबरच्या अखेरीस गाडी आश्रमाच्या फाटकापाशी घसरून भिंतीला घासली. मी ती बाजारपेठेतील टायरचे दुकानदार कामादा यांच्याकडे नेली. त्यांनी टायर पाहून विचारले, "वहिनी, ही कुणी घातली?"

मी म्हणाले, "घरूनच."

ते म्हणाले, "माप बरोबर आहे. जातही हिवाळी आहे. पण रबर मेलंय हो. दगड झालाय. बर्फावर यापेक्षा उन्हाळी टायर काय वाईट? घाटात जाऊ नका यावर."

मी त्यांना त्याच मापाचे नवे हिवाळी टायर मागवायला सांगितले. शनिवारी बसवून देतो, असे ते म्हणाले. शनिवारी मी गेले तेव्हा ते बाहेरच्या बाहेरच म्हणाले, "वहिनी, मोरिहिकोंचा फोन आला होता. नको म्हणाले. मी नवराबायकोच्या मध्ये पडत नाही." टायर दुकानात भिंतीला लावून ठेवलेले मला दिसत होते. माझा पगार सासूबाईंच्या खात्यावर जमा होतो, त्यामुळे माझ्याजवळ पैसे नव्हते.

मी घरी आले. सासूबाई म्हणाल्या, "घरातली गोष्ट दुकानात नेलीस. पुढच्या वेळी गाडी घसरली की आधी घरी फोन करायचा. आधी घरी. कळलं?" मी हो म्हणाले.

जानेवारीत सासूबाईंना डोळ्याच्या तपासणीसाठी शहरात न्यायचे होते. पतीला कारखान्यात काम असल्याने मी नेणार होते. आदल्या दिवशी मी कामावरून आले तेव्हा पती अंगणात माझ्या गाडीची चाके बदलत होते. त्यांनी सासूबाईंची चाके बसवली. मला बरे वाटले. मी त्यांना चहा नेऊन दिला व आभार मानले. ते म्हणाले, "आई बसणार आहे गाडीत. उगाच विषाची परीक्षा कशाला?"

दुसऱ्या दिवशी घाटात बर्फ असूनही गाडी कोठेही घसरली नाही. सासूबाई वाटेत झोपल्या. परत आल्यावर पतीने जॅक लावून ती चारही चाके काढली व जुनी पुन्हा बसवली. मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून पाहत होते. तांदूळ धुवायचे राहिले, म्हणून सासूबाई ओरडल्या. मी तांदूळ धुतले. त्या दिवसापासून शेडला कुलूप होते.

त्याच्या तिसऱ्या दिवशी, दिनांक १७ जानेवारी रोजी, मी सकाळी नेहमीप्रमाणे कामाला निघाले. घाटातील पुलाच्या अलीकडच्या वळणावर मी ब्रेक दाबला. गाडी थांबली नाही. ती आडवी होऊन रस्ता सोडून खाली गेली व तिचा डावा कोपरा देवदाराच्या झाडावर आदळला. गाडीची डावी बाजू बर्फात रुतली व उजवी बाजू वर राहिली. स्टिअरिंगखालची फळी आत येऊन माझा डावा पाय घोट्यापाशी अडकला. वेग किती होता असे विचारल्यावरून सांगते की, मी दुसऱ्या गिअरमध्येच होते. माझ्या मागून येणारी दुधाची गाडी मला ओलांडून गेली होती.

फोन माझ्या हाताशी होता. मी आधी घरी फोन केला. पती म्हणाले, "जिवंत आहेस ना? मग कुणाला फोन करू नकोस. मी आलो."

ते पिकअप घेऊन आले. मागे सासूबाईंची चार चाके होती. मला ती दिसली, पण मला वाटले की ती आधीपासूनच पिकअपमध्ये असतील. पती जॅक व पाना घेऊन उतरून आले. मला वाटले, माझा पाय सोडवायला जॅक आणला आहे.

मी म्हणाले, "अहो, डावा पाय. फळीखाली आहे."

ते म्हणाले, "थांब जरा."

त्यांनी उजव्या बाजूला, माझ्या दाराखाली जॅक लावला. गाडी उचलली तशी फळी माझ्या पायावर आणखी बसली. मी ओरडले. ते म्हणाले, "ओरडू नकोस, रस्त्यावर ऐकू जाईल. उजवा पाय चालतो ना? ब्रेक दाबून धर. चाक फिरतंय, नट सुटत नाहीत."

मी ब्रेक दाबून धरला.

त्यांनी पुढचे चाक काढून दुसरे बसवले. मग मागचे. मागच्या वेळी हँडब्रेक ओढून धरायला सांगितले, तोही मी ओढून धरला. मी दोनदा विचारले, "रुग्णवाहिका बोलावली का?" ते म्हणाले, "एवढं होऊ दे." काढलेली चाके त्यांनी पिकअपमध्ये नेऊन टाकली व वर ताडपत्री घातली. नंतर ते फावड्याने डाव्या बाजूचा बर्फ उकरू लागले. बर्फ खाली दगडासारखा होता. चाके निघाली नाहीत. ते बराच वेळ उकरत होते. मला पायाची जाणीव तोपर्यंत राहिली नव्हती.

तेवढ्यात रस्त्यावरील बर्फ ढकलणारी गाडी वरून आली. तिचे चालक नारिता यांनी वरूनच विचारले, "काय झालं हो? आत कोणी आहे का?"

पती म्हणाले, "बायको आहे. बसलीय निवांत."

नारिता खाली उतरले. त्यांनी काचेतून माझ्याकडे पाहिले व मग पतीच्या हातातील फावड्याकडे पाहिले. त्यांनी फोन करून रुग्णवाहिका बोलावली, आपला कोट काढून खिडकीतून माझ्या अंगावर घातला व ती येईपर्यंत माझा हात धरून उभे राहिले. पती पिकअपमध्ये जाऊन बसले.

माझा डावा पाय घोट्याच्या वर कापावा लागला. मी वेळेवर रुग्णालयात आले असते तर तो राहिला असता का, हे डॉक्टरांनी मला सांगितले नाही. मीही विचारले नाही.

गाडीला उजव्या बाजूस चांगले व डाव्या बाजूस जुने कडक टायर आढळल्याबाबत पतीने पोलिसांना असे सांगितल्याचे मला कळवले आहे की, मी अडाणीपणाने दोनच चाके स्वतः बदलली होती. ते खरे नाही. मला चाक बदलता येत नाही. सासूबाई रुग्णालयात मला भेटायला आल्या होत्या. त्यांनी संत्री आणली होती. एक सोलून मला देत त्या म्हणाल्या, "पोलिसांना सांग, चाकं मीच बदलली म्हणून. तू दक्षिणेकडची, तुला कोण हसणार? त्याच्या कारखान्याचं नाव जाईल गं. तो बिचारा नीट जेवत नाही." मी संत्रे खाल्ले नाही.

पतीने माझ्या पायाची विचारपूस केली का, असे विचारल्यावरून सांगते की, एकदा केली. शस्त्रक्रियेनंतर ते पलंगाशी उभे राहिले व त्यांनी चादर उचलून पाहिली. म्हणाले, "उजवा शाबूत आहे ना? मग ऑटोमॅटिक गाडी चालवता येईल. एप्रिलपासून कामावर जाशील."

माझी पती मोरिहिको यांच्याविरुद्ध कायदेशीर तक्रार आहे.

हा जबाब अंमलदारांनी मला सावकाश मोठ्याने वाचून दाखवला. त्यात एका ठिकाणी "आमच्या घरी" असे लिहिले होते, ते माझ्या सांगण्यावरून खोडून "पतीच्या घरी" असे केले आहे. बाकी सर्व माझ्या सांगण्याप्रमाणे व बरोबर आहे.