टिक मारणार नाही!

मंडळी, नाम घेऊन झालं, गळे मोकळे झाले, आता जरा सरसावून बसा. मागच्यांनो, खांबाला टेकलात तरी हरकत नाही, पण डोळा लावू नका — आज प्रश्न अवघड आहे!

प्रश्न असा. एक माणूस आहे. तो खोटं बोलला नाही. चोरी केली नाही. कुणाच्या अंगाला बोट लावलं नाही. फक्त — समोर चुकीचं घडताना दिसत होतं आणि तो गप्प बसला. सांगा, त्याला पाप लागतं का?

बघा, बघा! लगेच माना खाली! एक काका तर पुटपुटले, "महाराज, परिस्थिती बघावी लागते." परिस्थिती! अहो, पापाचं बारसं करायची वेळ आली की माणूस पहिलं नाव हेच ठेवतो. असो. उत्तर मी देत नाही. उत्तर केतकी लोहार देईल.

तर ऐका! आज राजा नाही, ऋषी नाही, राक्षस तर नाहीच नाही. कोल्हापुरात एक कचेरी. वेबसाइट बनवणाऱ्यांची. वेबसाइट म्हणजे फोनवर उघडतं ते पान — नातवाला विचारा, तो सांगेल. त्या कचेरीत केतकी तपासनीस होती. दुसऱ्यानं बांधलेलं पान कुठं मोडतं, कुठं अडतं, ते शोधून काढायचं. आपल्या घरोघरी सासूबाई हेच काम करतात की नाही? फरक एवढाच, केतकीला त्याचा पगार मिळायचा!

आता त्या कचेरीचा थाट काय वर्णावा! फोनला काचेसारखं कव्हर. कव्हरच्या पाठीला कडी, कडीत बोट, बोटात अंगठी! कानात मोत्याएवढे इअरफोन. कीबोर्डखाली लाल-निळे दिवे, जशी गणपतीची आरास. आणि एकाच्या टेबलावर — हसू नका — फोनला बसायला छोटीशी खुर्ची! आमच्याकडं पाहुण्याला खुर्ची मिळत नाही, तिथं फोन ऐसपैस बसलेला! साहेबांचं नाव हर्षवर्धन. त्यांचा नियम होता: "आपलं टेबल बघूनच गिऱ्हाईक भुललं पाहिजे."

आणि केतकीच्या टेबलावर काय? बिस्किटांचा पत्र्याचा डबा! त्यात सात जुने फोन. एकाची काच तडकलेली, एकाची पाठ रबरबँडनं बांधलेली, एक तर इतका बारका की दोन बोटं ठेवली की पडदा संपला. कुठलंही पान आलं की ती या सातांवर उघडायची. कधी ओल्या बोटानं दाबून बघायची, कधी बोटाला पीठ लावून, कधी गच्चीवर भर उन्हात, डाव्या खांद्याला पिशवी अडकवून. लोक हसायचे. ती म्हणायची, "फोन वापरणारी बाई खुर्चीत बसून वापरते काय? ती बसस्टॉपवर उभी असते."

हे कुठून आलं? बापाकडनं! बाप गारगोटीचा लोहार, दत्तूअण्णा. विळा झाला की स्वतः गवत कापून दाखवायचा नाही. गिऱ्हाइकाच्याच हातात द्यायचा — "तू काप. तुझ्या हाताला बसला तर ने." माझ्या हातात चालतो, याला दत्तूअण्णांच्या भात्यापाशी किंमत नव्हती. यावर एक ओळ आहे. कुणा थोरामोठ्याची नाही हो, माझीच. सकाळी एसटीत सुचली, म्हणून यमक जरा लंगडं आहे —

*हत्याराला केली सोनियाची मूठ,*
*धारच ना नीट, काय कापे!*

वाजवा हो मृदंग, लंगड्या यमकाला तोच आधार!

आता पुढं. एका न्यासाचं डायलिसिसचं केंद्र होतं. किडनी थकलेल्या माणसाचं रक्त आठवड्यातनं दोनदा यंत्रातून गाळून घ्यावं लागतं. नंबर चुकला की अंगाला सूज, छातीत धाप, आणि फारच चुकला तर — बोलायला नको. आजवर नंबर वहीत लिहायचे. न्यासानं ठरवलं, सोमवारपासून वही बंद. नंबर लावायचा तो फोनवरच! आणि ते पान बनवायचं काम हर्षवर्धन साहेबांकडं आलं.

पान बांधलं प्रसन्ननं. पोरगा हुशार, हात गोड, मनानं वाईट नाही. वर हसऱ्या डॉक्टरांची सरकती चित्रं, खाली हिरवं बटण — 'नंबर लावा'. बघत राहावं असं पान! शुक्रवारी केतकीनं डबा उघडला. मोठ्या चार फोनांवर पान झोकात चाललं. तीन बारक्या फोनांवर? बटण दिसतंय. बोट टेकतंय. आणि काही होत नाही! तिनं पुन्हा दाबलं. पुन्हा नाही. खोदून बघितलं तेव्हा कळलं — बारक्या पडद्यावर त्या चित्रांची पट्टी खाली घसरत होती आणि बटणावर पसरत होती. डोळ्यांना न दिसणारी पट्टी! बोट पडायचं डॉक्टरांच्या चित्रावर, बटणापर्यंत पोचायचंच नाही.

"प्रसन्न, अरे हे कुठं तपासलंस तू?"

"हे काय, इथं!" त्यानं संगणकाच्या पडद्यावर फोनाच्या आकाराची चौकट काढली आणि माऊसनं टिचकी मारली. चाललं की पान!

मंडळी, ही चूक त्या धंद्यात रोज होते! फोनाचं चित्र काढायचं, चित्रावर टिचकी मारायची आणि म्हणायचं, फोन तपासला. चित्रातल्या भाकरीनं पोट भरतंय का?

केतकी साहेबांकडं गेली. साहेबांनी आपला नवा कोरा फोन काढला, कडीत बोट घातलं, पान उघडलं, बटण दाबलं. "चालतंय."

"सर, तुमच्यावर चालतंय. ह्या बारक्यांवर नाही."

"हे फोन आता वापरतं कोण?"

"ज्यांना डायलिसिस लागतं, ते वापरतात!"

"दुरुस्तीला किती दिवस?"

"सगळं पान पुन्हा मांडायला लागेल. चार तरी."

"सोमवारी अकराला उद्घाटन आहे, केतकी! पत्रिका वाटल्यात. हे घे तपासणीपत्र. शेवटच्या 'पान तपासलं' ह्या ओळीत टिक मार, सही कर. उद्घाटनानंतर निवांत दुरुस्त करू."

"आणि तोवर त्यांनी नंबर कुठं लावायचा? वही तर बंद होणार."

"तो आपला विषय नाही. तू फक्त टिक मार."

फक्त! मंडळी, हा शब्द नीट ऐका. जगातली सगळी घाण ह्याच शब्दाच्या मागं लपते. फक्त सही. फक्त अंगठा. फक्त मान हलवायची.

आता तुम्हाला वाटेल, केतकी वाघिणीसारखी गरजली. छे! आधी घर आठवलं तिला. घरी बापाचे डोळे अधू झालेले, भट्टी वर्षभर थंड. ही नोकरी मिळवायला तिला दोन वर्षं उंबरे झिजवावे लागले होते. तिनं त्या ओळीकडं बघितलं. टिक ती केवढी? मुंगीएवढी! आणि तिनं मान वर केली, म्हणाली, "टिक मारणार नाही."

"मग प्रसन्न मारेल. आणि तू सोमवारपासून येऊ नकोस."

"बरं." एवढंच म्हणाली. कागद घेतला, डबा उचलला, निघाली. प्रसन्न तिच्याकडं बघत राहिला. बोलला काही? नाही बोलला. तो आपला माणूस आहे, मंडळी. इथं बसलेल्यांतला, गावोगावचा.

कुणी म्हणेल, बरी गेली, सुटली. पाप लागलं नाही, आता घरी जाऊन भाकरी खावी. पण तिला भाकरी गोड लागेना! आपण टिक मारली नाही, तरी पान तर सोमवारी उघडणारच. मग आपल्या नकाराचा त्या आजाऱ्याला उपयोग काय? शनिवारी सकाळी दहा वाजता ही डायलिसिसच्या केंद्रात जाऊन बाकावर बसली. आत माणसं यंत्राला लागलेली, बाहेर त्यांची बायकामुलं. तपासणीसाठी मिळालेला पानाचा पत्ता तिच्याकडं होताच, तो घेऊन केतकी एकेकापाशी गेली. "काका, जरा तुमचा फोन काढता का? हे पान उघडा आणि नंबर लावून दाखवा. मी हात लावणार नाही. तुम्हीच लावा."

अकरा जणांनी लावून बघितला. शेवटची होती हौसाबाई पाटोळे, राधानगरीकडची. नवरा आत यंत्राला. कमरेच्या पिशवीतनं तिनं फोन काढला, पदरानं पुसला. बटण दाबलं. काही नाही. पुन्हा दाबलं. बोट तोंडातल्या वाफेनं ओलं केलं, दाबलं. धा डाव, बारा डाव. मग केतकीकडं बघून ओशाळं हसली —

"माजंच बोट वाईट असंल गं बाई. भांडी घासून घासून रेघाबी गेल्यात."

मंडळी… थांबा. पेटी थांबवा जरा.

चूक कुणाची? आणि स्वतःच्या माथी कोण मारून घेतंय? जिची काडीची चूक नाही ती! केतकीच्या डोळ्यांत पाणी आलं आणि दुसऱ्या क्षणाला असा संताप आला, असा संताप, की कानशिलं तापली. ती म्हणाली, "मावशी, तुमच्या बोटाला काही झालेलं नाही. पान वाईट आहे. बनवणाऱ्यांनी वाईट बनवलंय, आणि त्या बनवणाऱ्यांत मी होते."

"मग हे आमी लावायचं कसं?" हौसाबाईनं विचारलं. "मंगळवारी ह्यांचा नंबर हाय."

"सोमवारी अकराला याल माझ्याबरोबर?"

तिथंच बाकावर बसून केतकीनं तपासणीपत्र काढलं. जिथं टिक मारायची, तिथं लिहिलं: 'अकरा जणांनी आपापल्या फोनवर नंबर लावून बघितला. सात जणांना लावता आला नाही.' खाली सातांची नावं. आणि त्याखाली सही, ठसठशीत — केतकी दत्तात्रय लोहार.

सोमवार उजाडला! मांडव, हार, समई. न्यासाच्या प्रमुख डॉक्टर सुमती करमरकर, वयस्कर बाई. साहेबांनी प्रत्येक विश्वस्ताला भेट दिलेली — फोनची छोटी खुर्ची, सोनेरी! प्रसन्नची टिक लागलेलं दुसरं तपासणीपत्र टेबलावर. साहेब म्हणाले, "आता मॅडमनी बटण दाबून उद्घाटन करावं."

"थांबा!"

सगळ्या माना मागं वळल्या. केतकी उभी, शेजारी हौसाबाई. "मॅडम, नंबर तुम्हाला लावायचा नाही. ज्यांना लावायचाय, त्यांच्या हातनं उद्घाटन करा."

साहेबांचा चेहरा पडला. "अहो, ही आमच्याकडून काढलेली—"

"येऊ दे त्यांना," डॉक्टरीण बाई म्हणाल्या.

हौसाबाई वर गेली. फोन पुसला. बटण दाबलं. काही नाही. पुन्हा दाबलं. साहेब घाईनं म्हणाले, "नेटवर्क, नेटवर्क!" आणि आपला झुळझुळीत फोन पुढं केला, "मावशी, ह्याच्यावर दाबा. लगेच होईल."

हौसाबाईनं तो फोन हातात घेतला. उलटा केला, कडी बघितली, सुलटा केला. आणि विचारलं —

"ह्यो फोन मला घरी न्यायला देनार हाय काय तुमी?"

वाजवा! आता वाजवा मृदंग! असा सवाल दरबारात पंडितानं केला नसेल!

साहेबांनी फोन मागं घेतला. केतकीनं आपला कागद डॉक्टरीण बाईंच्या हातात दिला. त्यांनी सातही नावं वाचली. चष्मा काढला. "ही सगळी माझी माणसं आहेत," म्हणाल्या. "वही आणा. पान नीट होईस्तोवर वही चालू राहील." आणि पहिलं नाव त्यांनी स्वतः लिहिलं: पाटोळे, मंगळवार.

मग केतकीला नोकरी परत मिळाली का? नाही! सिनेमा नाही हा. साहेबांनी दार लावलं ते लावलंच. ती दुसरीकडं लागली, पगार कमी. पण तीन आठवड्यांनी प्रसन्नचा फोन आला. "पान पुन्हा मांडलंय. तुझ्या डब्यातले फोन देतेस का तपासायला?"

"नाही देणार," केतकी म्हणाली. "केंद्रात जा. बाकावर बस. आणि आधी त्या सात जणांना स्वतःच्या तोंडानं सांग, 'चूक माझी होती.'"

गेला तो. सांगितलं त्यानं. सहा जणांनी 'असू दे' म्हटलं. हौसाबाईनं म्हटलं नाही. ती म्हणाली, "बाकावर बारा डाव बटान दाबताना मला वाटत हुतं, माज्या बोटापायी धनी मरतोय. त्येचं काय?"

आता उत्तर मिळालं ना मंडळी? गप्प बसणाऱ्याला पाप लागतं का, हे शास्त्रात कशाला शोधता? हौसाबाईला विचारा!

आणि आता माझ्याकडं बघा. खाली नको, माझ्याकडं! इथं दूध मोजणारे बसलेत. शाळेतला भात चाखून सही करणारे बसलेत. रस्ता न बघता 'रस्ता झाला' लिहिणारे तर दुसऱ्याच रांगेत आहेत, मी नाव घेत नाही! तुम्ही खोटं बोलला नाहीत, खरंय. तुम्ही फक्त टिक मारलीत. आणि त्या टिकेपायी कुठंतरी एक बाई स्वतःचं बोट न्याहाळत बसलीय.

तिच्या दारात जा. उद्याच जा. आणि टिक मारा म्हणणारा पुढं उभा राहिला, तर घरची चूल आठवू दे, नोकरी गेली तर जाऊ दे — पण शब्द तोंडातून फुटला पाहिजे: मारणार नाही!

मोठ्यानं म्हणा! देवाला ऐकू येतं, त्याची काळजी नाही. साहेबाला ऐकू गेलं पाहिजे!