थिनर आणायला पाठवलेला माणूस

मंडळी, एक विचारू? विद्या दिल्यानं वाढते — शाळेच्या भिंतीवर वाचलंय ना सगळ्यांनी? बरं! दिल्यानं वाढते; पण कुणाला दिल्यानं? थांबा, लगेच माना डोलवू नका. आधी ऐका, मग उत्तर द्या — देता आलं तर!

एक कारखाना होता. कुठला, ते विचारू नका. तुमच्यातले निम्मे तिथंच कामाला असतील! मोटारसायकलच्या टाक्या रंगवायचा. तिथला पेंटर सावळाराम घोलप. सगळे म्हणायचे सावळादादा. रंग फवारायची गन हातात धरली की रंग कसा बसायचा — दुधावर साय धरावी तसा! पण टाकीच्या पोटाखाली एक वळण असतं. भलेभले तिथं हात टेकतात. रंग जास्त पडला की ओघळ, कमी पडला की पत्रा दिसतो. दादाचं मनगट तिथं असं काही फिरायचं, की ओघळ नाही न् डाग नाही!

आणि शेजारी कोण? दुसरा पेंटर, केरबा कुदळे. एका गाडीवर येणार, एका डब्यात जेवणार. केरबाच्या लेकीच्या लग्नात अक्षता वाटायला दादा पुढं! पण टाकीचं ते वळण आलं, की दादा म्हणायचा, ‘केरबा, जा रे, थिनर आण.’ केरबा थिनर घेऊन येईपर्यंत दादा वळण रंगवून मोकळा! हसताय काय? अहो, रंग पातळ करायच्या त्या थिनरचा डबा भरलेला असायचा!

केरबाला कळत नव्हतं? सगळं कळत होतं. ‘दादा, एकदा दाखवा की ते वळण.’

‘दाखवू की! पळून चाललंय का?’

वर्षांमागून वर्षं गेली. दादा दुष्ट होता का हो? नाही. भ्यालेला होता. केरबालाही आलं, तर मला कोण विचारणार? एवढीच भीती. पण माणसाला पोखरायला एवढीशी पुरते.

मग आलं यंत्र! नुसता एक हात — लोखंडाचा, माणसाहून उंच. साहेबांनी सांगितलं, ‘पेंटर कमी करणार. दोघं-तिघं ठेवू, राहिलेल्या डागडुजीला. जो अख्खी टाकी बिनडाग रंगवील, तो राहील. सोमवारी परीक्षा!’

रविवारी सकाळी केरबा दादाच्या दारात. चपलासुद्धा काढल्या नाहीत. ‘दादा, घरात मिळवणारा मी एकटा. आज तेवढं वळण दाखवा. पाया पडतो.’

आत दादाची बायको भाकरी थापत होती. म्हणाली, ‘अहो, द्या की दाखवून!’

दादा म्हणाला, ‘आज अमावस्या आहे रे. आज नको.’

मंडळी, अमावस्या नव्हती हो!

सोमवारी केरबाच्या टाकीला ओघळ आला. महिनाअखेर घरी जा, म्हणून सांगितलं. काम मिळालं दादाला — आणि मान तर केवढा! शर्वरी मॅडम म्हणून इंजिनिअर होत्या. म्हणाल्या, ‘काका, तुम्ही आमच्या यंत्राचे गुरू! त्याचा हात धरा आणि रोजच्यासारखी टाकी रंगवा. तुम्ही जसं जसं कराल, तसं तसं तो लक्षात ठेवील.’ शाल आली, श्रीफळ आलं, फोटो निघाला! जे पाया पडणाऱ्या माणसाला दिलं नाही, ते दादानं लोखंडाचा हात हातात धरून दिलं. वळणासकट! लोखंडाला कोण थिनर आणायला पाठवणार?

महिनाअखेरीला यंत्र सुरू झालं. सगळे गोळा झाले. केरबाही होता, हातात घरी न्यायची पिशवी. यंत्राचा हात झरझर फिरला. वरून झालं, कडेनं झालं, वळण आलं — आणि थांबला! क्षणभर थांबला, मग वळण रंगवलं. दुसरी टाकी. पुन्हा तिथंच थांबला!

मॅडम म्हणाल्या, ‘हा इथं का अडतोय? काही चुकलं का?’

केरबा हळूच बोलला, ‘चुकलं नाही, मॅडम. दादा तिथं मागं वळून बघायचे. मी थिनर घेऊन आलो तर नाही ना, म्हणून.’

यंत्राला शिकवताना केरबा आसपासही नव्हता. पण सवय! दादाची मान खाली गेली, ती वर आली नाही. मॅडमनी बटणं दाबली, तेवढं थांबणं काढून टाकलं. हात सरळ चालायला लागला. चोरटेपणा तेवढा गेला, कसब कारखान्याचं झालं. आणि यंत्राच्या टाकीला डागच पडेना, तर डागडुजीला माणूस कशाला? दिवाळीच्या आधी दादाही घरी.

मग दादाला केरबा आठवला. भंगारातून एक टाकी घेतली, जुनी गन घेतली, आणि गेला त्याच्या दारी. ‘केरबा, ऊठ. वळण दाखवतो. आज सगळं दाखवतो.’

केरबानं पाणी दिलं, चहा टाकायला सांगितला. टाकीच्या पोटाखालून एकदा तळहात फिरवला. मग उठला. ‘बसा दादा. थिनर आणतो.’

आणि गेला.

चहा आला, निवला. ऊन ओसरीवरून उतरलं. शेवटी केरबाची बायको बाहेर आली. ‘भाऊजी, ते यायचे नाहीत. तुम्ही जावा आता.’

दादा उठला नाही. मांडीवर टाकी घेऊन, मागं वळून वळून रस्त्याकडं बघत राहिला.

शेवट गोड करून सांगा म्हणाल, तर कुठून करू? केरबा आला नाही, मंडळी. तुम्ही यंत्राला शिव्या द्याल. त्याचं काय चुकलं? जे दिलं ते त्यानं घेतलं. तुम्ही काय केलंत? सुनेला, धाकट्या भावाला, शेजारच्या मशीनवरच्या माणसाला — डबा भरलेला असताना किती जणांना पिटाळलंत? आता टाळ खाली ठेवा. ज्याला पिटाळलं, त्याचं नाव आधी मनात घ्या. ते घेता आलं, तरच विठ्ठलाचं तोंडात येऊ द्या.