वासाचा रकाना

मॅडम : ...आणि मामा, ती परीक्षानळी आता गरम पाण्यातच राहू द्या, दोन मिनिटं. मोबाइल जरा खाली करा. आम्हाला नुसतं तुमचं पोट दिसतंय.

मामा : एकतीस वर्षं या लॅबमध्ये वाढवलंय मॅडम, दिसणारच. थांबा. ब्युरेटच्या स्टँडला बांधलाय मोबाइल, मधूनच मान टाकतो मेला. हं, आता?

मॅडम : आता नळी दिसतेय. मुलांनो, कॉलेज उघडेपर्यंत मामांचे हात ते तुमचे हात. नीट बघा. मी इथे स्वयंपाकघरात, तुम्ही आपापल्या घरी, आणि हा भला माणूस अख्ख्या इमारतीत एकटा उभा आहे तुमच्यासाठी. सतरा नंबर, तुझा माइक चालू ठेव, बाकी सगळ्यांनी बंद. काय काय मिसळलं, वाच.

सतरा : सॅलिसिलिक ॲसिड, मिथेनॉल आणि सल्फ्युरिक ॲसिडचे चार थेंब. मॅडम, निरीक्षणाच्या रकान्यात पुस्तकात ‘बामसारखा वास’ दिलंय. लिहून टाकू?

मॅडम : बघा! घरी बसून हीच सवय लागलीय. पुस्तकातलं नाही, जे घडेल तेच लिहायचं. मामा, आता नळीतलं मिश्रण थंड पाण्यात ओता. नाक त्याच्यावर नेऊ नका, हाताने वारा घेऊन वास घ्या. आज तुमचं नाक ते त्रेचाळीस मुलांचं नाक.

मामा : नाकाला एवढा मान जन्मात मिळाला नव्हता. ओतलं. हं... नाही येत, मॅडम.

मॅडम : बामचा नाही? मग कसला येतोय?

मामा : कसलाच नाही.

मॅडम : ॲसिड टाकायचं राहिलं असेल.

मामा : अहो, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत टाकलं. माझा हात नाही चुकत. तुम्ही इथे शिकायला होतात, तेव्हा तुमची नळी कोण करून द्यायचं?

मॅडम : ते त्रेचाळीस मुलांसमोर सांगायलाच हवं होतं का? बरं, बाटली जुनी असेल. चार महिने सगळं बंद आहे. नवी फोडा.

मामा : नवीच आहे. सील आत्ता तोडलं.

सतरा : मॅडम, चॅट बघता का जरा?

मॅडम : तोंडाने विचार की. चॅट कशाला?

सतरा : नको, मॅडम. तुम्हाला एकटीला लिहिलंय. बघाच.

(मॅडम चॅट उघडून वाचतात. लॅबमधल्या उकळत्या पाण्याचा आवाज तेवढा येत राहतो.)

मॅडम : मामा, मागच्या कपाटात ब्यूटिरिक ॲसिडची बाटली आहे ना?

मामा : ती नासक्या लोण्याच्या वासाची? अहो, तिचं झाकण काढलं की वरच्या मजल्यावरचे गणितवाले जिना उतरून भांडायला यायचे. आजच्या प्रयोगात कुठेय ती?

मॅडम : नाहीये. पण आणा. झाकण जरासंच उघडा.

मामा : आणली. उघडलं... अरेच्चा, हीपण गेली की हो कामातून! पाण्यासारखी झालीय. या बंदमध्ये कपाटातलं सगळंच मेलं वाटतं.

मॅडम : झाकण लावा. घट्ट लावा. मामा, सकाळी चहा घेतलात?

मामा : घेतला, पण नुसतं गरम पाणी. बायकोला म्हटलं, पावडर संपली का? ती म्हणे, रोजच्यासारखाच केलाय. म्हटलं, असेल बाई, आपलीच जीभ म्हातारी झाली.

मॅडम : आजच असं झालं?

मामा : परवापासून. का हो?

सतरा : मामा, माझ्या बाबांचंही असंच सुरू झालं होतं. ताप नाही, खोकला नाही. आधी नुसता वास गेला.

मामा : आता बरे आहेत ना बाबा?

सतरा : मॅडम, मी माइक बंद करू?

मॅडम : हो बाळा, बंद कर तू. असू दे. बंद कर.

मामा : माइक कशाला बंद केला पोरीनं? मॅडम?

मॅडम : मामा, ऐका माझं. मास्क नाकावर घ्या आणि लॅबमधून बाहेर पडू नका. घरी तर अजिबात जायचं नाही. मी प्राचार्यांना फोन लावते, गाडी पाठवतील ते दवाखान्यात न्यायला.

मामा : वास आला नाही म्हणून गाडी? अहो, मी ठणठणीत आहे. तीन जिने चढून आलोय.

मॅडम : मला भीती वाटतेय, मामा. प्राचार्य दोनदा नाही म्हणाले होते. मीच हट्ट धरला, मुलांनी नुसते व्हिडिओ बघून पास होऊ नये म्हणून. तुम्हाला घराबाहेर मी काढलं.

मामा : तुम्ही कशाला मनाला लावून घेता? घरात बसून मीच विटलो होतो.

मॅडम : घरी कोण कोण असतं?

मामा : बायको. आणि मुलगी, बाळंतीण आहे. नात आज अकरा दिवसांची झाली.

मॅडम : तिला घेता तुम्ही?

मामा : घेता म्हणजे? दुसऱ्या कुणाकडे राहतेय ती! माझ्याच खांद्यावर झोपते... मॅडम.

मॅडम : बोला, मामा.

मामा : परवापासून म्हणालो ना मी?

मॅडम : हो.

मामा : आज निघताना लेकीनं बाळाचं डोकं माझ्या नाकाशी धरलं. म्हणाली, बाबा, बघा तरी, टाळूला किती गोड वास येतो. मला काहीच येईना. पण एवढ्या हौसेनं धरलं होतं तिनं, हिरमोड कशाला करायचा...

मॅडम : मग?

मामा : मग काय. अजून जवळ घेतलं, छाती भरून श्वास घेतला, आणि म्हटलं, हो गं, येतो.