मंगळवारचा बाक

—अहो, बसा, बसा! उठताय काय? मी बोलले म्हणून? चावत नाही मी. तीन हिवाळे झाले, दर मंगळवारी आपण संग्रहालयातल्या याच बाकावर, याच चित्रासमोर बसतोय — मधे माझा कोट, त्यापलीकडे तुमचा कोट — आणि आज तोंड उघडलं तर असे दचकलात, जणू त्या चित्रातला होडीवरचा कोळीच बोलला! स्वीडिश माणूस तो स्वीडिशच. मी तरी कुठे वेगळी आहे म्हणा. जिन्यात शेजारी दिसला की दाराआड उभी राहते, तो खाली जाईपर्यंत. तुम्हीही तेच करत असणार, मला नका सांगू. मी गुनवोर. तुमचं नाव राहू द्या, मी ठेवलंय एक — राखाडी मफलर. बहिणीला फोनवर सांगते ना, आज राखाडी मफलर शिंकला म्हणून. हसलात? नाही? ओठ हलले, मी पाहिलं!

खरं सांगू? हे चित्र मला मुळीच आवडत नाही. होड्या, होड्या आणि वर ढग — गोथेनबर्गचं आभाळ घरच्या खिडकीतून फुकट दिसतं की! पहिल्यांदा आले ती उबेला. माझा नवरा गेला, सिक्स्टन — त्यानंतरही सवयीनं दोघांचे बटाटे उकडायचे मी, मग पातेल्याकडे बघत बसायचं. म्हणून बाहेर पडले. इथे बाकामागे हीटर आहे, एवढंच. आणि मग तुम्ही यायला लागलात. फेब्रुवारीत आला नाहीत, तेव्हा पहारेकऱ्याला विचारलं, ते गृहस्थ आजारी आहेत का? तर म्हणतो, कोणते? कोणते म्हणे! डोळे आहेत की बटणं? त्या आठवड्यात मला झोप — जाऊ दे. चित्राबद्दल बोलत होतो आपण.

दारावरची पाटी वाचलीत ना? उद्यापासून हे दालन बंद. छत गळतंय म्हणे. दोन वर्षं! पोराटोरांचं ठीक आहे, आपल्या वयात दोन वर्षांचा भरवसा कुणी द्यायचा? मला तुमचा पत्ता ठाऊक नाही, तुम्हाला माझा नाही. पुढच्या मंगळवारी तुम्ही कुठे, मी कुठे — म्हणून बोलले, झालं. ट्राममध्ये सगळं घोकून आले होते, त्यातलं एक वाक्य तोंडात येईल तर शपथ.

तर — खाली कॉफी मिळते. वेलचीचे बनही असतात. मी निघालेय तिकडे. एकटी गेले तरी चालेल, सवय आहे — नाही, चालणार नाही. खोटं कशाला बोलू? उठलात? हरकत नाही. बाहेरचं दार उजवीकडे, मला मुळीच राग — अहो, उजवीकडे म्हटलं मी! हा जिना तर कॉफीकडे... अस्सं. आणि हा हात कशाला पुढे केलात? म्हातारी समजलात की काय मला? बरं बरं, असू द्या, मागे नका घेऊ. पण आता गप्प. एक शब्द बोलू नका — रडू आलं तर पायऱ्या दिसायच्या नाहीत मला.